दिल्लीची शिंक आणि वेडी बाभूळ

आज दिल्लीला जायचंय, पण लाल किल्ल्यावर नाही आणि पानिपताच्या वाटेवरही नाही. जायचंय रिजवर, म्हणजे अरवलीची जी शेपटी दिल्लीत घुसलीय तिथं.

डिसेंबर १९११. दिल्ली दरबारात राजधानी कोलकात्याहून हलवायची घोषणा झाली. नवं शहर उभं राहताना इंग्रजांना ही उघडीबोडकी टेकडी हिरवी हवी होती. मग अमेरिका खंडातून आलेलं एक काटेरी झाड तिथं लावलं गेलं. दिल्लीकर त्याला विलायती कीकर म्हणतात, आपण वेडी बाभूळ. पाणी नको, राखण नको. बघता बघता देशी झाडांना हटवून त्यानं रिज व्यापली.

गंमत बघा, त्याच १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा टोचून शिंका कमी करता येतात, हे दाखवलं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तर अवघ्या पाच वर्षांचा होता; व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०६ साली तो घडवला होता.

पण तिकडच्या गवताचा अर्क दिल्लीच्या दमेकऱ्याला काय कामाचा? इथल्या हवेत काय उडतंय ते आधी कळायला हवं. हे काम केलं दिल्ली विद्यापीठातल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटनं. तिची कोनशिला १९४९ची, स्वतः सरदारांनी बसवलेली. आणि ती उभी आहे रिजच्याच कुशीत! तिथं डॉ. शिवपुरी, डॉ. विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी १९६०मध्ये दिल्लीचं पराग-कॅलेंडर छापलं. कोणत्या महिन्यात कोणती झाडं-गवतं पराग सोडतात, याचं ते पंचांगच. असलं काम फार कंटाळवाणं असतं, म्हणून त्याचे पुतळे होत नाहीत. पण ‘दर वसंतात मलाच का?’ असं विचारणाऱ्या रुग्णाला उत्तर त्यातूनच मिळतं. १९६७मध्ये शिवपुरींनी वेड्या बाभळीच्या अ‍ॅलर्जीवर स्वतंत्र अभ्यासही प्रसिद्ध केला.

उपचाराची रीत आजही तीच आहे. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुईनं हलकं टोचायचं, गांधी उठते का पाहायचं. मग औषधं, इनहेलर, आणि काहींना नून यांच्या वाटेनं काही वर्षं चालणारी इंजेक्शनं. ती मात्र डॉक्टरांसमोरच घ्यायची. क्वचित जिवावर बेतू शकतं.

पुणेकरांनी हसू नये. पन्नासच्या दशकात आपल्याकडे आढळलेल्या काँग्रेस गवतानं किती जणांची कातडी सोलली, ते आठवा. दिल्लीत आता वेडी बाभूळ हटवून देशी झाडं लावणं चाललंय. त्यांचेही पराग उडणारच, म्हणजे पंचांग पुन्हा मांडावं लागणार.