डास, गोचीड आणि वणीचा कोळसा

घर रंगवायला काढलं म्हणून मागच्या आठवड्यात माळ्यावरचं सामान खाली आणलं. त्यात बाबांची पत्र्याची पेटी निघाली. आत एक मोजपट्टी, दोन जुनी पासबुकं आणि एक लहानशी बाटली. बाटलीतलं तेल वाळून तळाशी डिंकासारखं चिकटलेलं. बूच काढलं आणि साठ वर्षांपूर्वीचा कडू वास नाकात शिरला. करंजाचं तेल! नातीने विचारलं, "आजोबा, हे केसांना लावायचं का?" म्हटलं, "नाही गं, हे मच्छरांसाठी." ती खो खो हसली. तिला वाटलं, आम्ही मच्छरांना तेल लावत होतो.

तिला जे सांगितलं ते जरा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. थोडा इतिहास आहे, थोडं घरचं आहे. इतिहासाचा मास्तर होतो, त्यामुळे सनावळ्या येतीलच. सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्हा म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. पण वणीच्या बाजूला जमिनीखाली कोळसा आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा चंद्रपूर, वरोरा, वणी असा पसरला आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या काळात आपल्या जिल्ह्याला 'वून' म्हणत, म्हणजे वणीच. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळालं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं खातं १८५१ मध्ये कलकत्त्याला सुरू झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचे साहेब इथवर पोचले. ब्लॅनफर्ड यांनी १८६८ मध्ये चांद्याच्या आसपासच्या कोळशाबद्दल लिहिलं. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. फेडन यांना तर पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे सापडले. त्यांचा लेख १८७५ मध्ये छापून आला. मे महिन्यात भट्टीसारखा तापणारा आपला मुलूख आणि इथे एकेकाळी बर्फ! हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करीत.

हे सगळं मी तीस वर्षं शिकवलं. एक गोष्ट मात्र कधीच शिकवली नाही. हा शोध चालू असताना माणसांना काय काय चावत होतं, ते.

खडक बघायचा तर पायी फिरावं लागतं. पावसाळ्यात नाले भरलेले, गवत कमरेएवढं, खडक दिसतच नाही. म्हणून सर्वेक्षणवाल्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळ्यात संपे. आता आपल्याकडचा कोणताही म्हातारा सांगेल की पावसाळा सरतानाचे हेच दिवस तापाचे. नाले आटायला लागतात, डबकी राहतात, गवत अजून ओलं असतं. म्हणजे साहेबांचा तंबू नेमका तापाच्या हंगामात रानात पडत होता. सर्वेक्षण खातं सुरू होण्याच्याही आधी ईस्ट इंडिया कंपनीने कोळसा शोधायला विल्यम्स नावाचा भूवैज्ञानिक आणला होता. तो १८४८ च्या नोव्हेंबरात हजारीबागच्या बाजूला 'रानतापा'ने गेला. महिना बघा, नोव्हेंबर!

तेव्हा ताप डासामुळे येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दलदलीतून वाईट हवा निघते आणि ती बाधते असं विलायतेतले डॉक्टर मानत. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. आपल्याकडेही 'पाणी लागलं', 'हवा बाधली' असंच म्हणत. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. ब्लॅनफर्ड, ह्यूज, फेडन सगळे त्याच्या आधीचे. क्विनीन होतं, पण ते साहेबाच्या पेटीत. गोरगरिबांसाठी पोस्टात एक पैशाची क्विनीनची पुडी मिळू लागली ती १८९० नंतर, तीही आधी बंगालात.

आता घरचं सांगतो.

बाबा सरकारी बोअरिंगच्या कॅम्पवर खलाशी होते. खलाशी म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढे येतो, पण बोअरिंगच्या मशीनवर पाईप जोडणारा, ओझी उचलणारा, पंप चालवणारा माणूसही खलाशीच. १९६० च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला आठ दिवस कॅम्पवर घेऊन गेले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वणीच्या पुढे रान, एका नाल्याच्या काठी चार तंबू, मशीनची धडधड. जमिनीतून निघालेले खडकाचे लांबोळके तुकडे लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवलेले. एका पेटीत काळा तुकडा दिसला की सगळ्यांचे चेहरे खुलत.

कॅम्प नाल्याकाठीच का, हे मला पुढे मोठेपणी कळलं. बोअरिंगला पाणी फार लागतं. फिरणारं टोक थंड ठेवायला पाणी, आतला भुगा वर आणायला पाणी. मशीनशेजारी खड्डे खणून त्यात ते पाणी फिरवतात. म्हणजे नाल्यातली डबकी होतीच, त्यात माणसांनी आणखी डबकी केली. कोळसा शोधणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने डास पाळले म्हणा ना! आणि रात्रपाळीला पंपावर बसणारा माणूस रात्रभर त्या पाण्याशेजारी. मलेरियाचा डास चावतो रात्रीच. साहेब मच्छरदाणीत, मिस्त्री तंबूत आणि सगळ्यात कमी पगाराचा माणूस पाण्याकाठी. असा तो हिशेब होता.

बाबांचे उपाय ठरलेले होते. संध्याकाळी हातापायाला करंजाचं तेल. गोवऱ्यांवर निंबाचा ओला पाला टाकून धुरी. डोळे चुरचुरत, पण भुणभुण कमी होई. दिवसा चिलटं डोळ्यांपुढे नाचत, त्यासाठी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक कपाळावर मोकळं सोडत. पँटचे पाय सुतळीने बांधत. मी कुठेही टेकायला लागलो की ओरडत, "गवतात बसू नोको! गोटा पाहून बस." धुतलेले कपडे झुडपावर टाकू देत नसत, दोरीवरच वाळवायचे. रात्री निजण्याआधी कंदिलाच्या उजेडात माझी बगल, कंबर, कानामागची जागा तपासत. गोचीड सापडली तर ओढाओढ न करता चिमटीने कातडीलगत धरून हळूच काढत. आणि झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली चूल मांडायची नाही, ही सक्त ताकीद. तीच धुरी मच्छराला पळवते आणि आग्या माश्यांना उठवते.

हे सगळं बाबा कुणाकडून शिकले? कॅम्पवर रोजंदारीने काम करणाऱ्या कोलाम माणसांकडून. जवळच त्यांचं पोड होतं. कुठल्या नाल्याचं पाणी प्यायचं, कोणत्या झाडाखाली निजायचं नाही, हे त्यांना विचारूनच तंबूची जागा ठरे. नकाशात मात्र बोअरचा नंबर असतो, विचारलेल्या माणसाचं नाव नसतं.

त्यांच्यातला एक तरुण माझ्याशी फार खेळे. बाबांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. पोरगा आला म्हणून त्यांनी ती त्याच्याशी बदलून घेतली. तो हसत म्हणाला, "निजा ना बाप्पा पोरापाशी." पंपाशेजारी गवत कापून त्याने त्यावर अंथरूण टाकलं होतं, मध्येच पाठ टेकायला. मी ते पाहिलं आहे.

सुट्टी संपून मी घरी आलो. पुढे बऱ्याच वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, बाबांनी एकदाच सांगितलं. मी परतल्यावर पंधरा दिवसांत त्या पोराला ताप आला. कॅम्पच्या पेटीतल्या मलेरियाच्या गोळ्या बाबांनी स्वतः नेऊन दिल्या. ताप उतरला नाही. तो पोडावर गेला आणि परत आला नाही. "माह्या पाळीत गेला तो," एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले. माझ्यामुळे पाळी बदलली होती, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

तो काळ मलेरिया हटल्याचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम आला, डीडीटीची फवारणी गावोगाव झाली. १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. पुढे ढिलाई झाली, डासांना डीडीटीची सवय झाली आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. मी मनाशी धरून बसलो होतो की तो पोरगा मलेरियाने गेला, पंपाकाठच्या डासांनी गेला.

मग २०१८ साल आलं. माझा पुतण्या, म्हणजे बाबांचाच नातू, भूगर्भशास्त्र शिकून याच पट्ट्यात बोअरिंगच्या कामावर होता. पावसाळा सरता सरता त्याला ताप भरला. मलेरिया तपासला, नाही. डेंग्यू तपासला, नाही. सहाव्या दिवशी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी कपडे काढायला लावले आणि काखेत, कमरेत बघितलं. कमरपट्ट्याच्या जागी एक काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती म्हणून त्याने कुणाला सांगितलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, स्क्रब टायफस. त्या वर्षी नागपूरकडे या रोगाची साथच होती.

हा रोग डासाचा नाही. गवत-झुडपात राहणाऱ्या एका बारीक कोळीवर्गीय किड्याची पिल्लं चावतात, त्यांना चिगर म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसतच नाहीत. चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शिपायांना याने फार छळलं होतं. मलेरियाच्या गोळ्यांचा यावर काही उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिलं तर माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो. पुतण्या बसला.

दवाखान्यातल्या त्या बाकावर बसून मला साठ वर्षांपूर्वीचं कापलेल्या गवतावरचं अंथरूण दिसत होतं. त्या पोराचा ताप गोळ्यांनी का उतरला नाही? त्याच्या कमरेवर अशी खपली होती का? कुणी पाहिलीच नाही. आता विचारायला बाबाही नाहीत. असते तर एवढंच म्हटलं असतं, की बाबा, कदाचित तो पंप नसेल, तो डास नसेल. पाळी बदलली म्हणून नव्हे, बाबा. गवतात बसू नोको, एवढं तुम्हाला कोलामांनीच शिकवलं होतं. त्याच्या पोडावरचीच ती शिकवण, पण दमलेल्या माणसाला गोटा कुठे आठवतो?

नातीला बाटली देऊन टाकली. तेलाला जे जमत होतं ते तेल करत होतं, धुरी धुरीचं काम करत होती. औषधाचं काम औषधानेच होतं आणि त्यासाठी कोण चावलं हे आधी कळावं लागतं. रानात फिरणाऱ्या आमच्या घरच्या पोरांसाठी मुद्दाम लिहितो: अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला डास-किडे दूर ठेवणारं मलम लावा, परतल्यावर आंघोळ करा आणि अंग तपासा. ताप आलाच तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की रानात होतो, गवतात बसलो होतो.

आणि हो, बसताना गोटा पाहून बसा.