प्राणिशास्त्र शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. वैद्यकीय प्रवेशाला गुण कमी पडले, आता बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घ्यायचे. पण ते शिकून पुढे काय? विचारणाऱ्या पालकांच्या डोळ्यांपुढे शेतीचे बेभरवशाचे उत्पन्न आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे असतात, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. शिक्षक बहुधा सांगतात, "बी.एड. करून मास्तर होता येईल." हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आपल्या भागात या विषयाला कामे कशी मिळत गेली याचा इतिहास पाहिला, तर अधिक उपयोगी उत्तर हाती लागते. ते येथे मांडावे असा आमचा विचार आहे.

बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली शिक्षणसंस्था उभी केली आणि पुढे तिचे महाविद्यालयही निघाले. पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची सक्ती त्यामुळे संपली. जिल्ह्यातील महाविद्यालये आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००४ पासून सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ आले. म्हणजे पदवी घराजवळ आली. पण पदवी जवळ येणे आणि काम जवळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती असू शकते, हे सालिम अलींच्या उदाहरणावरून कळते.

सालिम अलींनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था १९१६ साली स्थापन झाली होती. तेथे पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवीअभावी ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात लोकांना माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांना मिळाली. १९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० साली परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तेथे सुगरणींची एक वसाहत होती. नर खोपा अर्धवट विणतो, माद्या येऊन पारखतात, पसंत पडलेल्या खोप्यात मादी राहिली की नर पुढचा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी दिवसेंदिवस बसून नोंदले. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे हैदराबादसारख्या संस्थानांना आपल्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून हवी होती. ते काम त्यांच्याकडे आले.

या हकिकतीतून "पदवी नसली तरी चालते" असा अर्थ काढू नये. पदवी नसल्याने त्यांची पहिली संधी गेलीच, आणि बिनपगारी दिवस काढणे प्रत्येकाला परवडत नाही. आम्हाला यातून दिसते ते असे, की विषयाच्या नावाची तयार जागा केव्हाही रद्द होऊ शकते. ज्याला एखाद्या प्राण्याविषयी इतरांना ठाऊक नसलेले काही नेमकेपणाने सांगता येते, त्याला मात्र त्या माहितीची गरज असलेले लोक शोधत येतात.

ही गरज पुष्कळदा रोगराईतून आली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्यात दगावत. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवून दिले होते. पण डास अनेक जातींचे. कोणती जात रोग पसरवते, ती कोठे अंडी घालते, माणसाला चावते की गुराला, आणि चावल्यावर कोठे जाऊन बसते? हे प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकातले नव्हते; ते प्राणिशास्त्राचे होते. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव यांनी १९४६ च्या सुमारास कारवार व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून पाहिले. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो, म्हणून औषध भिंतीवर, अशी त्यामागची साधी पण अभ्यासाने मिळालेली युक्ती होती. १९५३ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली.

येथेच गोष्ट संपली असती तर कीटकशास्त्रज्ञांचे कामही संपले असते. पण पुढे दक्षता सैल पडली, डास डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. फवारा मारणे कोणालाही शिकवता येते. डासाची सवय बदलते आहे हे वेळेवर ओळखायला मात्र डास पाहणारा माणूस लागतो.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. टी. रामचंद्र राव पुढे या केंद्राचे संचालक झाले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा या केंद्राने विषाणू शोधला आणि तो पसरवणारी गोचीडही शोधली. हा आजार २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात येऊन ठेपला, आणि गोचिडींची पाहणी करणाऱ्यांची गरज पुन्हा भासली.

दुसरी वाट पाण्याकडे जाते. मुंबई प्रांताच्या किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यातला एक चिमुकला पारदर्शक मासा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली शास्त्राला प्रथम परिचित करून दिला. त्याचे नाव होराइक्थिस सेटनाय. हेच कुलकर्णी पुढे राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले. नुसत्या हौसेचा वाटणारा अभ्यास आणि राज्याचा व्यवसाय यांत फार अंतर नसते ते असे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून पिल्ले धरून आणावी लागत आणि त्यांत नको त्या माशांची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही वीण तळ्याकाठी घडवून आणली. आज तलावात सोडण्याची बोटुकली केंद्रातून विकत मिळते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. आपल्या वर्गात शिकवली जाणारी अंतःस्रावी ग्रंथींची आकृती अशी उजनीकाठच्या कोळ्याच्या जाळ्यापर्यंत पोचते.

तिसरे उदाहरण बार्शी-सोलापूर रस्त्यावरचेच आहे. नान्नजच्या माळरानासह मोठा प्रदेश १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाला. क्षेत्र ठरले ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक वैतागले आणि पक्ष्याविषयी आपुलकी वाढण्याऐवजी राग वाढला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, त्याला उघडे गवताळ रान लागते. अशा रानाला "पडीक" म्हणून तेथे झाडे लावली तर आपण त्याचे घरच मोडतो. आज देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि नान्नजला माळढोक दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे त्यांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. पक्षी नेमका कोठे वावरतो, त्याला किती रान लागते, हे आधी मोजले गेले असते तर पक्ष्याचे आणि शेतकऱ्याचेही नुकसान कमी झाले असते. प्राणिशास्त्रज्ञ वेळेवर नसला की किती किंमत मोजावी लागते, याचे याहून जवळचे उदाहरण बार्शीच्या विद्यार्थ्याला सापडणार नाही.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? प्रथम, खरी स्थिती सांगावी. जागा थोड्या आहेत, आणि नुसत्या बी.एस्सी.वर संशोधनाचे दार उघडत नाही; एम.एस्सी. आणि पात्रता परीक्षा यांची तयारी हवी. पण वाटा आहेत. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात. मत्स्यशिक्षणासाठी मुंबईला १९६१ पासून केंद्रीय संस्था आहे. प्राणी सर्वेक्षण आहे, रोगवाहक कीटकांवर काम करणाऱ्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्था आहेत, रुग्णालयांतील प्रयोगशाळा आहेत, आणि अध्यापन तर आहेच.

दुसरे, गणित सोडू देऊ नये. माधव गाडगीळ १९६५ साली मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि हार्वर्डला जाऊन त्यांनी गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. "जीवशास्त्र घेतले, सुटलो गणितातून" असे म्हणणारा मुलगा आपल्या निम्म्या वाटा स्वतःच बंद करतो.

तिसरे शिक्षकांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले. बेडूक गेला, त्याचे तास मोकळे झाले. ते तक्ते उतरवण्यात घालवू नयेत. पावसाळ्यात गावातल्या डबक्यांतील डासांच्या अळ्या दर आठवड्याला मोजाव्यात, बाजारात येणाऱ्या माशांच्या जातींची वर्षभर नोंद ठेवावी, एका माळावरचे पक्षी दर महिन्याला टिपावेत. एका तुकडीने काम पुढच्या तुकडीकडे सोपवले तर दहा वर्षांत ती वही कोणत्याही संशोधन संस्थेला हवीशी वाटेल. आणि वही भरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघातिघांना तरी, पुढे मुलाखतीत "तुम्हाला काय येते?" असे विचारले गेले, तर दाखवण्यासारखे काही हाताशी असेल.