मोडलेला खुबा आणि उतारवय

१९०२ सालच्या जानेवारीच्या ४ तारखेस बर्लिन शहरातील लाइप्झिगर रस्त्यावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ चालत्या ट्राममधून खाली उतरावयास गेले आणि पडले. त्यांच्या खुब्याजवळचे हाड मोडले. हे गृहस्थ म्हणजे रुडॉल्फ फिरखो, विकृतिशास्त्राचे आचार्य. रोगाचे मूळ शरीरातील पेशींत शोधावे, हा धडा साऱ्या वैद्यकजगताला देणारे ते हेच. बर्लिनच्या नगरसभेत बसून शहराची सांडपाण्याची व्यवस्था करविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. अपघातापर्यंत त्यांचे काम अव्याहत चालू होते. हाड मोडल्यावर मात्र प्रकृती पूर्वपदावर आलीच नाही. हवापालटासाठी त्यांना टेप्लित्सच्या उष्ण झऱ्यांवर नेण्यात आले, परंतु शक्ती ओसरत गेली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, त्यांचा अंत झाला.

हाड मोडले मांडीचे. मग प्राण का जावा? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग खुद्द फिरखो यांनीच तरुणपणी शोधून ठेवला होता. पायाच्या शिरेत गोठलेल्या रक्ताची गुठळी सुटून प्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्यांनी १८४० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. हलता न येणाऱ्या रोग्याला हे भय नेहमीच असते. त्याच्या जोडीला छातीत कफ साचून होणारा न्यूमोनिया, पाठीवरील शय्याव्रण व मूत्रमार्गाचा दाह हेही असतात. मोडलेले हाड स्वतः क्वचितच मारते. हे हाड माणसाला अंथरुणाला खिळविते, आणि मारते ते अंथरूण.

या हाडाची रचनाही मोठी विचित्र आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास एक गोल डोके असते व ते एका अरुंद मानेने खालच्या हाडास जोडलेले असते. उतारवयात हाडे विरळ होतात आणि न्हाणीघरात पाय घसरण्यासारख्या साध्या निमित्तानेही ही मान मोडते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रवाज पारे या शस्त्रवैद्याने या मोडीचे वर्णन केले. पुढे १८२२ साली लंडनच्या सर ॲस्ट्ली कूपर यांनी एक महत्त्वाचा भेद दाखविला. सांध्याच्या वेष्टनाबाहेर मोडलेले हाड सांधते. वेष्टनाच्या आत मोडलेले बहुधा सांधत नाही, कारण डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याच तुटतात. रक्त नाही तेथे हाड जुळावे कसे?

येथे वैद्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. हाडाला हवी स्थिरता आणि जीवाला हवी हालचाल. दोहोंपैकी राखावे काय? कूपर यांनी जीवाची बाजू घेतली. वृद्ध रोग्यास दहा-पंधरा दिवसांहून अधिक निजवू नये, उंच खुर्चीवर बसवावे, मग कुबड्या द्याव्यात, पाय लंगडा राहिला तरी चालेल, असा त्यांचा सल्ला होता. याउलट, फिरखो पडले त्याच १९०२ साली न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमन यांनी पाय बाजूस ताणून बरगड्यांपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने पुष्कळ हाडे जुळली, यात शंका नाही. परंतु जी ऐंशी वर्षांची वृद्धा कित्येक आठवडे त्या कवचात पडून राहावयाची, तिच्या फुप्फुसांनी व कातडीने हा सौदा मान्य करावा कसा?

हा पेच सोडविला एका खिळ्याने. नॉर्वेत जन्मलेले आणि बॉस्टनमध्ये शस्त्रक्रिया करणारे मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ साली तीन पाकळ्यांचा पोलादी खिळा मोडलेल्या मानेत ठोकला; त्या पाकळ्यांमुळे डोके फिरत नसे. त्यांचा वृत्तांत १९३१ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील गोटेबर्गच्या स्वेन योहानसन यांनी पोकळ खिळा काढला. क्ष-किरणांच्या साहाय्याने आधी बारीक तार घालावयाची आणि तिच्यावरून खिळा सरकवावयाचा, त्यामुळे सांधा उघडण्याची गरज उरली नाही. जेथे डोकेच निर्जीव झाले असेल तेथे ते बदलण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील ऑस्टिन मूर व हॅरल्ड बोलमन यांनी मांडीच्या हाडाचा वरचा भाग धातूचा बसविल्याचा वृत्तांत १९४३ साली प्रसिद्ध केला. ती शस्त्रक्रिया हाडातील गाठीसाठी होती, तथापि मोडलेल्या मानेवरचा उपायही त्याच वाटेने आला. अशा रीतीने स्थिरता धातूकडे सोपवून माणसाला हालचाल परत देता आली.

तरीही धातूने सर्व भागले नाही. फिरखो यांनी दाखविलेल्या गुठळीवरचा उपाय येण्यास शतकाहून अधिक काळ लोटला. १९५९ साली बर्मिंगहॅमचे सेव्हिट व गॅलघर यांनी खुब्याची मान मोडलेल्या तीनशे रोग्यांवर रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची परीक्षा केली, आणि ज्यांना औषध दिले त्यांच्यात गुठळीने होणारे मृत्यू फार घटल्याचे दिसले. त्याच सुमारास इंग्लंडमधील हेस्टिंग्स या समुद्रकाठच्या गावी अस्थिशल्यज्ञ मायकेल डेव्हस व वृद्धरोगतज्ज्ञ आयर्विन यांनी एकाच रोग्याची जबाबदारी दोघांनी मिळून घेण्याचा प्रघात पाडला. हाड जोडणारा एक आणि हृदय, फुप्फुस, अन्न, स्मृती यांची काळजी वाहणारा दुसरा.

या बदलाचे उदाहरण म्हणून इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ यांचे नाव घेता येईल. १९९८ च्या जानेवारीत, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, सँड्रिंगहॅम येथे पडून त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, त्या पुन्हा चालू लागल्या आणि २००२ साली एकशे एकाव्या वर्षी निवर्तल्या. राजघराण्याची शुश्रूषा सर्वांच्या वाट्यास येत नाही, हे खरे. म्हणूनच २००७ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली खुब्याच्या मोडींची राष्ट्रीय नोंद अधिक मोलाची ठरते. शस्त्रक्रिया लौकर झाली का, वृद्धरोगतज्ज्ञाने पाहिले का, हे प्रत्येक रुग्णालयास लिहावे लागले; इंग्लंडात तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २००७ मधील १०.९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले.

शस्त्रक्रिया किती लौकर करावी, याची परीक्षा भारतासह सतरा देशांतील २,९७० रोग्यांवर झाली व तिचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. चोवीस तासांऐवजी सहा तासांत शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू विशेष घटले नाहीत. परंतु रोग्यांना भ्रम कमी झाला आणि ते लौकर उभे राहिले. आजही अशा वृद्धांपैकी पाचवा ते तिसरा हिस्सा वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांस पूर्वीची चाल परत येत नाही. म्हणून धोका संपला असे कोणी समजू नये.

तथापि, 'आता वय झाले, कशाला चिरफाड? पडून राहू द्या,' असे जे आपल्या घरांतून कळवळ्याने म्हटले जाते, त्यातील कळवळा खरा असला तरी सल्ला खरा नाही, एवढे हा इतिहास नि:संशय सांगतो. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू आयुष्याचा आकडा वाढविणे हा नसून वेदना शमविणे आणि माणसाला अंथरुणाच्या तावडीतून सोडविणे हा आहे. एखाद्याचा अंत अगदीच जवळ आला असेल तरच निराळा विचार करावयाचा, आणि तोही वैद्याशी व स्वतः त्या वृद्धाशी बोलून. बाकीचे काम घरच्यांचे आहे: दुसऱ्या दिवसापासून हात धरून उभे करणे, पोटभर सकस अन्न देणे, आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर हाताशी येईल असा एक दांडा बसविणे. शेवटचे हे काम मात्र पडण्यापूर्वीच करावयाचे असते.