शाल्मलीवृक्ष आणि प्लायवुडची पेटी

बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील पोपट शूद्रक राजाच्या सभेत येतो तो पिंजऱ्यातून. पिंजऱ्याचे गज सोन्याचे आहेत, पण आतल्या पक्ष्याच्या हिरव्या कांतीने त्यांना पाचूची झाक आली आहे. बाण या शोभेपाशी थांबत नाही. राजाने विचारताच वैशंपायन पोपट आपली जन्मकथा सांगू लागतो. पंपासरोवराकाठचा जुनाट शाल्मलीवृक्ष, त्याच्या ढोलीतले घरटे, शिकारीचा कोलाहल, झाडावर चढून ढोलीढोलीतून पोपट ओढून मारणारा म्हातारा शबर, आणि पिलाला पंखाखाली झाकून घेत मरणारा पिता. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला एक झाड होते, आणि ते त्याला आठवते, ही गोष्ट सातव्या शतकातल्या या गद्यात जितक्या विस्ताराने येते तितकी आपल्या साहित्यात क्वचितच आली असेल.

एरवी आपल्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे झाड नको होते, वाणी हवी होती. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलायला शिकवण्याची कला घातली आणि नागरकाच्या दिनक्रमात भोजनोत्तर वेळ त्यासाठी राखून ठेवला. अमरूच्या एका प्रसिद्ध मुक्तकात रात्रीचे दांपत्याचे बोलणे पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर बडबडू लागतो आणि लाजलेली वधू डाळिंबाचा दाणा म्हणून कानातले माणिक त्याच्या चोचीत कोंबते. मंडनमिश्रांच्या दाराशी तर पोपट प्रामाण्यवादाची चर्चा करीत, अशी आख्यायिका आहे. या साऱ्यात पक्षी म्हणजे माणसाच्या शब्दांचा वाहक. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात नळीवर बसून उलटा फिरलेला आणि कोणी धरलेले नसतानाही आपण पकडले गेलो असे समजून ती नळी न सोडणारा पोपट दाखवला, तो मात्र बोलत नाही. तिथे पाहिले आहे ते पक्ष्याच्या पायांकडे. पुढे मराठीने 'पोपटपंची' हा शब्द घडवला आणि न समजता बोलण्याचा दोष पक्ष्याच्या माथी मारला. शिकवणारे आपणच होतो हे सोयीने विसरले गेले. असो.

हा राघू मराठी घरांच्या ओसरीवरून कमी होत गेला त्याचे एक मोठे कारण कायदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९०-९१ च्या सुमारास भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि देशी पोपट पाळणे गुन्हा ठरले. चोरटा व्यापार थांबला नाही, हे खरेच. पण दुकानातल्या उघड पिंजऱ्यात आता परदेशी वंशाचे पक्षी दिसतात आणि त्यांत हमखास असतो तो कॉकॅटील. विक्रेते त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात.

नावाचा गोंधळ जुनाच आहे. मलय भाषेतील 'काकातुवा'पासून आपला काकाकुवा आला, आणि त्याच शब्दाचे पोर्तुगीज-डच लघुरूप फिरत फिरत 'कॉकॅटील' झाले. लंडनचा प्राणिव्यापारी जॅमराक याने ते रूढ केले असे मानतात. म्हणजे हा धाकटा काकाकुवाच, आणि पक्षिशास्त्रही त्याला त्याच कुळात बसवते. १७९२ मध्ये रॉबर्ट कर याने त्याला शास्त्रीय नाव दिले. १८३२ मध्ये वाग्लरने 'निम्फिकस', म्हणजे छोटी अप्सरा, हे कुलनाम जोडले. 'हॉलंडिकस' हा उरलेला अर्धा भाग न्यू हॉलंडचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या अंतर्भागात हे पक्षी पाणी आणि गवताचे बी शोधत थव्याने भटकतात आणि पाणवठ्याजवळच्या निलगिरीच्या ढोलीत अंडी घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात त्यांची पिंजऱ्यात वीण होऊ लागली. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली तेव्हा बाजाराचे काहीच अडले नाही. पिवळट-पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकार तर त्याआधीच, १९५० च्या दशकात, अमेरिकेतल्या पिंजऱ्यात निपजला होता. आज मुंबई-पुण्यात विकले जाणारे पिलू प्लायवुडच्या पेटीत जन्मलेल्या आईबापांचे, त्यांचे आईबापही तशाच पेटीतले. त्याला सांगण्यासारखा शाल्मलीवृक्ष नाही.

आमच्यापैकी एकीच्या घरी असा नर पक्षी आहे. राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर नारिंगी टिकली, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. शब्द त्याला फारसे येत नाहीत; तो शीळ घालतो, आणि कुकरची शिट्टी हुबेहूब काढतो. त्यामुळे शिकवण्याची दिशाच उलटली आहे. त्याच्या तुऱ्याची लिपी घरच्यांना शिकावी लागली: ताठ तुरा म्हणजे दचकणे किंवा कुतूहल, डोक्याला चिकटलेला तुरा आणि फुत्कार म्हणजे जवळ येऊ नका, झोपेआधी चोच घासल्याचा बारीक आवाज म्हणजे सारे ठीक. बाजरी, राळे, कोथिंबीर हा आहार. पंखांतून पांढरी भुकटी झडते, ती रोज पुसायची. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो, म्हणून घरात लोखंडी तवा परतला. आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे, म्हणजे घरातले मूल कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंतचे.

पिंजरा आणि मुक्तीचे रूपक शिकवताना या पक्ष्यापाशी आमची अडचण होते. दार उघडले की आकाश, हा त्या रूपकाचा गृहीत अर्थ. इथे दार दिवसभर उघडेच असते. पक्षी पडद्याच्या दांडीवर बसतो, भूक लागली की आत जातो. खिडकीला मात्र जाळी आहे. ती काढली तर बाहेर कावळे आहेत, घारी आहेत, आणि दाणा कुठे मिळतो हे त्याला दाखवणारा थवा नाही. ज्ञानेश्वरांच्या पोपटाला नळी सोडायचा अवकाश, तो उडू शकत होता. याला तसे सांगता येत नाही, आणि हा आपण सुखात ठेवलेला पक्षी आहे असेही निःशंकपणे म्हणता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा थवा त्याच्या अंगात अजून आहे. दिवसा खोलीत कोणी नसले की तो दूरवर ऐकू जाणारी हाक देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबत नाही. रात्री गाडीचा दिवा भिंतीवरून सरकला तर अंधारात धडपडून पंख गजांवर आपटतो. माळावरच्या पक्ष्याने सापाच्या चाहुलीने एकदम उठावे तसा. त्यावर उपाय एवढाच की पिंजऱ्याजवळ एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवायचा. त्या घरी तो असतो.