शाळेच्या खर्चाचा वाद आणि समाजाचा कौल

शाळा हवी की नको, असे विचारले असता 'नको' म्हणणारा गृहस्थ कोणत्याही गावात सापडणे कठीण. परंतु त्या शाळेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न निघाला की सभेचा सूर पालटतो. काही देशांत शाळेसाठी कर बसवावा किंवा नाही, यावर नागरिकांचे प्रत्यक्ष मतदान घेतले जाते. आपल्याकडे हा कौल कायदेमंडळांत, संस्थानी दरबारांत आणि नगरपालिकांच्या सभांत लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वादाचे स्मरण ज्ञानदानाचे कार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेला उद्बोधक ठरेल.

या वादाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' वसूल होत असे व त्यातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणासाठी ठेवली जाई. म्हणजे शेतकरी शाळेचा खर्च आधीच देत होता. मात्र त्याचे स्वतःचे मूल क्वचितच शाळेत दिसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. जमा एकाच्या नावावर आणि खर्च दुसऱ्यासाठी, असा तो हिशेब होता.

पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केल्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. विधेयक अतिशय सौम्य होते. सक्ती करावी की नाही, हे स्थानिक संस्थेनेच ठरवावयाचे होते. ती प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती असून मुलींना पुढे लागू करता येणार होती. वाढीव खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने द्यावा, त्यासाठी संस्थेला शिक्षणकर बसविता यावा आणि दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, अशी योजना होती.

तरीही विरोध झाला. लोकांची मागणी नाही, नवा कर लोकांना रुचणार नाही, असे सरकारी सभासदांचे म्हणणे होते. मुले शाळेत गेल्यास शेतावर मजूर मिळणार नाहीत, ही भीती काही जमीनदारांना वाटत होती. १९१२ च्या मार्च महिन्यात मतदान होऊन विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आपल्या हयातीत यश येईल, अशी गोखल्यांची अपेक्षाही नव्हती. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

जे ब्रिटिश हिंदुस्थानात घडले नाही, ते कोल्हापुरात दोन वर्षांत घडले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय जाहीर केला आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. पैसा प्रथम व शाळा मागाहून, हा क्रम महाराजांनी उलटविला.

मुंबई इलाख्यातही विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यान्वये नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली आणि वादाचे केंद्र गावोगावच्या सभागृहांत आले. त्यातील सर्वांत गाजलेला वाद पुण्याचा होय.

पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न असा होता की, तिजोरीत पैसा मर्यादित असताना सक्ती केवळ मुलग्यांसाठी करावी की मुलींसाठीही? लोकमान्य टिळक व त्यांच्या अनुयायांचा पक्ष असा की, दोघांचा खर्च एकदम झेपणार नाही. प्रथम मुलग्यांचे पाहावे, मुलींचा विचार पैसा उपलब्ध होईल तेव्हा करावा. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, रमाबाई रानडे प्रभृतींनी याला कडाडून विरोध केला. कर सर्व घरांवर बसणार असेल, तर त्यातून निघणाऱ्या शाळेचे दार घरातील निम्म्या मुलांना बंद का, हा त्यांचा सवाल होता. स्त्रियांनी मोर्चा काढून आपली मागणी मांडली. फेब्रुवारी १९२० मध्ये किर्लोस्कर नाट्यगृहातील जाहीर सभा तर गोंधळातच संपली.

आज दोन्ही पक्षांकडे पाहताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. तिजोरीची अडचण खोटी नव्हती. परंतु पैसा कमी पडला म्हणून थांबावे कोणी, हे तिजोरी ठरवीत नाही; ते ठरविणारी माणसे असतात. शेतकऱ्याचे मूल थांबले, मजुराचे थांबले, मग मुलगी थांबली. खर्चावरील प्रत्येक मतदान हे वास्तविक कोणाचे मूल मागे ठेवावे, यावरील मतदान होते.

याच काळात आपल्या समाजातील एका सुपुत्राने निराळा मार्ग दाखविला. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली होती व कोल्हापुरात जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू झाले होते. त्या वसतिगृहात राहिलेले कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. सरकारी मंजुरीची वाट त्यांनी पाहिली नाही. घरोघरची मूठभर धान्याची मदत हाच त्यांचा शिक्षणकर होता. मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. येथे कोणी कोणास थांबविले नाही. जे होते ते सर्वांनी वाटून घेतले.

पुढे काळ पालटला. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि तत्संबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांनी सुचविलेला शिक्षणकर २००४ मध्ये दोन टक्के उपकराच्या रूपाने केंद्रीय करांवर आला. २०१८ मध्ये प्राप्तिकरावर तो आरोग्याच्या जोडीने चार टक्के झाला. ज्या करास लोक मान्यता देणार नाहीत असे सांगितले गेले, तो व्यापारी बांधवांनी वर्षानुवर्षे भरला.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने आपल्या परंपरेने सांगितली आहेत. पैकी पहिल्या तिन्हींत पात्र कोण, हे समोर दिसते. ज्ञानदानात मात्र ज्याला मिळाले नाही, तो दिसतही नाही. तो शाळेच्या बाहेरच राहतो. विश्वस्त मंडळांच्या सभेत शिष्यवृत्तीची रक्कम, वसतिगृहाच्या जागा, मुलींच्या सोयींचा खर्च असे विषय निघतील, निधी अपुरा आहे असे खरेच म्हणावे लागेल, त्या वेळी पुण्याची ती सभा आठवावी. ताळेबंदात शिल्लक किती, याबरोबरच या वर्षी थांबविले कोणाला, याचीही नोंद ठेवावी. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत तो रकाना कोरा राहावा, हीच सदिच्छा!