गोधडीची घडी : मोडली तर टिकते

पावसाळा ओसरून ऊन खडखडीत पडू लागले की घरोघरी पेट्या आणि कपाटे उघडली जातात, पांघरुणांना ऊन दाखवले जाते. आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी अनेक घरांत आता वापरली जात नाही, ती जपून ठेवलेली असते. उलगडल्यावर तिच्या मधोमध उभ्या-आडव्या रेघा ठळक दिसतात आणि कित्येकदा नेमके त्या रेघांवरच कापड विरलेले आढळते. रोज अंथरलेली गोधडी वर्षानुवर्षे टिकते आणि पेटीत जपलेली मात्र फाटते, हे अनेकांना कोडे वाटते. त्याचे उत्तर घडीत आहे.

रेघ का पडते?

सुती धाग्यातील सेल्युलोजचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हवेतील ओलावा धाग्यात शिरला की हे बंध सैल होतात. वरच्या कपड्यांच्या दाबाखाली वाकलेला धागा तसाच सुकला, तर बंध त्या वाकलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. त्यामुळे दमट हवेत घातलेली आणि पुढे महिनोन् महिने न उलगडलेली घडी पक्की बसते.

गोधडीत कापडाचे अनेक थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले असतात. घडी घातली की बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला चेपला जातो. थर जितके जास्त तितका हा ताण मोठा. घडीच्या कडेवर धूळ साचते, लाकडाचा व पुठ्ठ्याचा आम्लांश तिथे लागतो, कड पिवळी पडते आणि जुना धागा ठिसूळ होऊन तुटतो. रजई किंवा दुलईत आतला कापूसही घडीवर दबून बसतो व तेथील ऊब कमी होते.

गोव्याच्या सीमेलगत उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवतात. तिचे शिवण कडेकडून मध्याकडे सरकत जाते आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे जाड त्रिकोण बसवलेले असतात. अशी कवंदी घडी करताना हे कोपरे मऊ भागावर दाबले गेले, तर त्यांचाही ठसा उमटतो.

रेघ कशी काढावी?

पहिला उपाय वेळेचा आहे. स्वच्छ चादर घातलेल्या पलंगावर गोधडी एक-दोन दिवस सपाट पसरून ठेवावी. फिकट रेघा बहुधा एवढ्यानेच सैल पडतात.

रेघ राहिलीच, तर ओलाव्याने बसलेली घडी ओलाव्यानेच सोडवावी. प्रथम पांढरे ओले फडके प्रत्येक रंगाच्या एका कोपऱ्यावर दाबून रंग जातो का हे पाहावे. फडक्याला रंग लागला तर पाण्याचा प्रयोग करू नये. रंग पक्का असेल तर हातभर अंतरावरून रेघेवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. कापड भिजू नये, केवळ दमट व्हावे. नंतर तळहाताने रेघेच्या दोन्ही बाजूंना, धाग्याच्या दिशेने हलकेच सपाट करावे आणि पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावे. एका वेळी रेघ न गेल्यास हेच पुन्हा करावे.

जुन्या गोधडीवर गरम इस्त्री फिरवू नये. ठिसूळ धागा उष्णता आणि दाब यांनी घडीवरच तुटतो. एखादा थर नायलॉन वा पॉलिएस्टरचा असेल तर तो वितळू शकतो. पिवळी रेघ हा तर डागच असतो. इस्त्रीने तो अधिक पक्का होतो. नव्या, मजबूत सुती गोधडीला उलट्या बाजूने, मध्ये दमट मलमल ठेवून, मंद इस्त्री चालते. रजईला मात्र इस्त्री नकोच, कारण कापूस दबतो.

धुतलेली गोधडी एका दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भाराने टाके ताणले जातात आणि दोरीची नवी रेघ उमटते. ती सावलीत, चादर घातलेल्या खाटेवर पसरून वाळवावी.

रेघ पडूच नये म्हणून

रिकामा पलंग असल्यास गोधडी त्यावर सपाट ठेवणे सर्वांत उत्तम. त्याखालोखाल गुंडाळी. कापडाच्या ठाणाची पुठ्ठ्याची जाड नळी धुतलेल्या सुती कापडाने झाकून, गोधडीची दर्शनी बाजू बाहेर ठेवून ती सैल गुंडाळावी. जाड रजई गुंडाळू नये.

घडीच घालायची असेल तर प्रत्येक वळणात जुन्या मऊ धोतराची सुरळी ठेवावी, म्हणजे धार न येता गोलाई राहते. तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून नव्या जागी घालावी. एकदा दुहेरी घातली असेल तर पुढच्या वेळी तिहेरी. पैठणी जपणाऱ्या घरांना ही रीत परिचित आहे.

गोधडी ढिगात सर्वांत वर असावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, म्हणून सुती कापडाचे बोचके करावे. खळ असलेले कापड ठेवू नये. कसर खळीसाठीच येते. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत. उन्हातून आणलेली गोधडी निवल्यावरच घडी करावी आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत शक्यतो नवी घडी घालू नये.

रेघेवर कापड विरले असेल तर

विरलेल्या कडा एकमेकींना ओढून शिवल्यास शेजारचे कापडही फाटते. त्याऐवजी खालून जुन्या मऊ सुती कापडाचे ठिगळ लावून, आजूबाजूच्या धड भागातून धावदोरा न्यावा. गोधडी मुळात अशाच ठिगळांनी उभी राहिलेली असल्याने हे दुरुस्तीचे काम तिच्या अंगावर परके दिसत नाही.

नवे वस्त्र प्रथम नेसण्याला मराठीत ‘घडी मोडणे’ म्हणतात. नव्या वस्त्राची घडी एकदाच मोडते. जपून ठेवलेल्या गोधडीची मात्र वर्षातून तीन-चार वेळा मोडावी लागते. त्यातली लुगडी पुन्हा विणली जाणार नाहीत आणि ते टाके घालणारे हातही बहुधा आता नसतात. म्हणून तिला पेटीच्या तळाशी विसरण्यापेक्षा अधूनमधून बाहेर काढून अंथरणे हीच तिची खरी निगा होय.