शेतावर मुक्कामाला जाण्यापूर्वी

सकाळी दहाला पोहोचायचे, मिसळीची न्याहारी, बैलगाडीतून एक फेरी, तरणतलावात डुंबणे, पिठले-भाकरीचे जेवण, थोडी वामकुक्षी आणि पाचच्या चहानंतर परतीचा रस्ता. कृषी पर्यटनाचा हा ठरीव कार्यक्रम पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. त्यात अडचण एकच आहे. दहा ते पाच या वेळेत शेतावर पाहण्याजोगे फारसे काही घडतच नाही. गाई-म्हशींच्या धारा पहाटे आणि तिन्हीसांजेला काढल्या जातात, भाजीची तोडणी उन्हे चढण्यापूर्वी उरकलेली असते आणि भर दुपारी बैल व माणसे दोघेही सावलीला बसलेली असतात. त्यामुळे मुलांना खरोखर शेत दाखवायचे असेल, तर एक रात्र तेथे काढण्यास पर्याय नाही. रात्र काढायची म्हटली की खोली, पाणी, वीज यांची चौकशी ओघाने आलीच.

महाराष्ट्रात या पर्यटनाला संघटित रूप आले ते २००५ च्या सुमारास. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने सुरू झालेला प्रयोग पुढे अनेक शेतकऱ्यांनी उचलला. राज्य सरकारने २०२० मध्ये स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घेता येते. मात्र 'अॅग्रो' हा शब्द कोणीही फलकावर लिहू शकतो. हिरवळ, कारंजे आणि 'रेन डान्स' एवढ्याच भांडवलावर उभी असलेली ठिकाणेही या नावाखाली आढळतात. फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे दूरध्वनीवरच विचारावे : 'या आठवड्यात तुमच्या शेतात काय आहे?' शेतकरी या प्रश्नाचे उत्तर क्षणात देतो. आढेवेढे घेतले गेले, तर काय समजायचे ते समजावे.

या उत्तरावरच ठिकाणाची निवड व्हावी, कारण कोणतेही शेत बारा महिने सारखे प्रेक्षणीय नसते. जुलैमध्ये मुळशी, मावळ, इगतपुरी या पट्ट्यांत भाताची लावणी असते. गुडघाभर चिखलात उतरण्याची मुलांना हौस आणि आईवडिलांची तयारी असेल, तर तो दिवस विसरला जात नाही. जानेवारी ते मार्च नाशिककडे द्राक्षे, त्याच सुमारास महाबळेश्वर-पाचगणी परिसरात स्ट्रॉबेरी आणि एप्रिल-मेमध्ये कोकणात आंबा. अकोले तालुक्यातील भंडारदरा व पुरुषवाडी येथे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी, काजव्यांनी झाडे लखलखतात. तेथे मुक्काम करणाऱ्यांनी मोटारीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवाव्यात. तो प्रकाश हा काजव्यांच्या मीलनाचा संकेत असतो आणि आपल्या झगमगाटात तो हरवून जातो.

शहरी पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी मात्र हुरड्याला होते. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे ज्वारीचा दाणा दुधाळ असून टणक होण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत, हुरडा मिळतो. गुळभेंडी, सुरती हे त्याचे जुने, नावाजलेले वाण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा', 'फुले मधुर' हे वाण खास हुरड्यासाठी दिले आहेत. जमिनीत खड्डा करून पेटवलेली गोवऱ्यांची आगटी, तिच्यात भाजलेली कणसे, हातावर चोळून पुढ्यात आलेले गरम दाणे आणि सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, असा त्याचा थाट. हल्ली काही ठिकाणी आधी भाजून ठेवलेला वा शीतपेटीतला हुरडा गरम करून वाढला जातो. तो वाईट असतो असे नाही, परंतु त्यासाठी शंभर किलोमीटर जाण्याचे प्रयोजन उरत नाही. आगटी समोर पेटणार का आणि कणसे त्याच शेतातली आहेत का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. लहान मुले विस्तवाच्या किती जवळ बसतात, याकडे मात्र स्वतःच लक्ष द्यावे.

खोली निवडताना कुटुंबातील सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी. मधल्यांचे कसेही निभावते. छायाचित्रात मोहक दिसणारा तंबू मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि त्याचे स्वच्छतागृह बहुधा पन्नास पावलांवर असते. रात्री दोनदा उठणाऱ्या आजोबांसाठी ती पन्नास पावले, तीही अंधारात आणि पावसाळ्यात, हा गंभीर मामला आहे. मचाणावरची झोपडी तरुण जोडप्यांसाठी ठीक. आजी-आजोबा बरोबर असतील, तर पायऱ्या नसलेली, खोलीला लागूनच स्वच्छतागृह आणि तेही कमोडचे असलेली जागा घ्यावी. पत्र्यापेक्षा कौलारू छप्पर उन्हाळ्यात केव्हाही बरे. 'चौघांची खोली' म्हणजे अनेकदा एक दुहेरी पलंग आणि जमिनीवर दोन गाद्या, हेही आधी स्पष्ट करून घ्यावे. वीज गेल्यास पंखा चालतो का? ढगाळ दिवशी सौरबंब थंडावला तर पाणी कशावर तापते? कोकणातील घरगुती 'निवास व न्याहारी' केंद्रांत यजमान त्याच घरात राहत असल्याने अशा गोष्टींची तड चटकन लागते. गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा, माळशेज घाट येथे पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानेही आहेत. शेताचा अनुभव तेथे मिळणार नाही, परंतु खोलीत काय मिळेल याचा अंदाज बांधता येतो.

आता पाण्याविषयी. याबाबत कोणतीही भीड ठेवू नये. तरणतलावावर 'नायलॉनचा पोशाख सक्तीचा' असा फलक ठळकपणे लावलेला असतो. पाण्याची खोली लिहिलेली असतेच असे नाही, आणि जीवरक्षक तर क्वचितच दिसतो. पण तलावापेक्षाही अधिक धोका शेततळ्याचा. पाणी जिरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. उतार तीव्र, त्यावर शेवाळ, हाताला धरायला काही नाही. पोहता येणारा माणूसही एकदा घसरला की वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही अडकतो. शेततळ्यात बुडून एकाच घरातील दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या आम्ही वार्ताहर दर उन्हाळ्यात लिहितो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. शहरातल्या मुलाला ते तळे म्हणजे निळाशार तरणतलावच वाटतो. म्हणून मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी शेततळ्याला चहूबाजूंनी कुंपण आहे का, काठावर दोर व हवेच्या नळ्या आहेत का आणि विहिरीला कठडा आहे का, हे विचारावे. पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी एक चक्कर मारून ते स्वतः पाहावे. उत्तर नकारार्थी असेल, तर मुले पाच वर्षांची असोत की पंधरा, ती जागा टाळावी.

पावसाळ्यात यजमान जवळच्या धबधब्यावर नेण्याचे आमिष दाखवतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते पाण्याचा लोंढा अचानक वाढल्याने. आभाळ भरलेले असताना प्रवाहात उतरणे नकोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फेरी असेल, तर मुलांना कडेवर पाय सोडून बसू देऊ नये. बाकी विटीदांडू, लगोरी, कुंभाराचे चाक यांना वेगळ्या सूचनांची गरज नाही. साप-विंचवाच्या प्रदेशात रात्री विजेरी आणि पायात बूट हवेत. दंश झालाच, तर कोणत्याही घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ ही रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे ग्रामीण रुग्णालय किती दूर आहे, हे आधीच विचारलेले बरे.

दर बहुतेक केंद्रांत खोलीमागे नव्हे, तर माणशी आकारला जातो आणि त्यात दोन्ही वेळचे जेवण व न्याहारी धरलेली असते. मुलांना सवलत कोणत्या वयापर्यंत, वातानुकूलनाचे वेगळे पैसे आहेत का आणि चालकाच्या जेवणाखाण्याची सोय काय, या तीन बाबींवरून बिलाच्या वेळी वाद होतात. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते. ती नसेल, तर त्याला हा कर आकारताही येत नाही. बिलात कर लावला असल्यास त्यावर नोंदणी क्रमांक पाहावा. आगाऊ रक्कम भरताना, पावसाने रस्ता बंद झाल्यास ती परत मिळणार की पुढची तारीख, हे संदेशातून लिहून घ्यावे. आणि शक्य असेल, तर शनिवार-रविवार सोडून जावे : दर उतरलेले असतात, गर्दी नसते आणि यजमानाला तुमच्या मुलाला धार काढायला शिकवण्याइतकी सवड असते.